‘बायकांना हार्ट अटॅक येत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘स्त्रीच्या हृदयाला निसर्गाचं कवच’ या मथळ्याचा मेसेज सध्या सगळ्या फॅमिली ग्रुपवर फिरतोय. त्यातले दावे थोडक्यात असे: पाळीतून अशुद्ध रक्त निघून जातं म्हणून बायकांना हार्ट अटॅक येत नाही. छातीत दुखलं आणि ट्रोपोनिन (अटॅक ओळखायची रक्ततपासणी) ‘नॉर्मल’ आलं तर तो गॅसच. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्ट्रॉल, 45 असलं की बाकी कोलेस्ट्रॉल बघायची गरज नाही. सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) म्हणजे लॅबवाल्यांचा धंदा. आणि कोलेस्ट्रॉलच्या गोळ्या बायकांना लागूच पडत नाहीत.

असले मेसेज मी एरवी न वाचता पुसून टाकते. पण हा वाचून माझ्या मावशीने कोलेस्ट्रॉलची गोळी बंद केली. तिला मधुमेह आहे, पाळी जाऊन बरीच वर्षं झालीत. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, हे रिपोर्ट रोज माझ्या हातून जातात, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी पाळीचं. पाळीचं रक्त अशुद्ध नसतं. सुई टोचून आम्ही काढतो तेच ते रक्त, सोबत गर्भाशयाचं अस्तर. त्यातून कोलेस्ट्रॉल वाहून जात नाही. यात खरं आहे ते इतकंच, की पाळी जाईपर्यंत इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे बायकांना थोडं संरक्षण मिळतं आणि अटॅक पुरुषांपेक्षा सरासरी 7 ते 10 वर्षं उशिरा येतो. उशिरा येतो, येतच नाही असं नव्हे. मधुमेह असेल तर ही सवलतही बरीचशी संपते. आणि आपल्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणीवर जाणाऱ्या बायका? ऐन तारुण्यात गर्भपिशवी काढलेल्या इतक्या जणी निघाल्या की 2019 मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ज्यांचं इस्ट्रोजेन तयार करणारं अंडाशयही काढलं गेलं, त्यांना कसलं आलंय निसर्गाचं कवच?

आता ट्रोपोनिन. या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच आहे, यावर विश्वास ठेवून बाई घरी बसून राहील आणि जीव जाईल. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन रक्तात उतरतं. निरोगी बायकांच्या रक्तात ते मुळातच पुरुषांपेक्षा कमी असतं. मग दोघांना एकच मर्यादा लावली तर कोण सुटणार? स्कॉटलंडमधल्या एडिंबर्गमध्ये अनुप शाह, निकोलस मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं. 2015 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ते छापून आलं. अटॅकच्या संशयाने आलेले 1126 रुग्ण होते. जुन्या चाचणीत सगळ्यांना 50 (नॅनोग्रॅम प्रति लिटर) ही एकच मर्यादा होती. अतिसंवेदनशील, म्हणजे बारीक वाढही पकडणारी, चाचणी घेऊन बायकांना 16 आणि पुरुषांना 34 ही मर्यादा लावली, तर अटॅकचं निदान झालेल्या बायका 11 टक्क्यांवरून 22 टक्क्यांवर गेल्या. दुप्पट! पुरुष 19 वरून 21.

म्हणजे आधी निम्म्या जणी ‘नॉर्मल’ म्हणून सुटत होत्या. आणि त्या सुखरूप होत्या का? ज्यांचं ट्रोपोनिन 17 ते 49 होतं, त्यांच्यातल्या 25 टक्के जणी वर्षभरात दगावल्या किंवा त्यांना पुन्हा अटॅक आला. 50 च्या वर असलेल्यांमध्ये हेच प्रमाण 24 टक्के, आणि 16 पर्यंत असलेल्यांमध्ये फक्त 4.

म्हणून रिपोर्ट हातात आला की आकड्याशेजारचा रेफरन्स रेंजचा, म्हणजे नॉर्मल मर्यादेचा, रकाना वाचा. त्या एडिंबर्गच्या चाचणीवर 22 आलं तर पुरुषाच्या रिपोर्टवर ते मर्यादेत, बाईच्या रिपोर्टवर मर्यादेबाहेर. मशीन बदललं की मर्यादाही बदलते, त्यामुळे शेजारणीच्या रिपोर्टशी आपला ताडून बघू नका. तालुक्याच्या गावी बऱ्याचदा कार्डवरची चाचणी होते, एक रेघ की दोन. तिला बारीक वाढ दिसत नाही. शिवाय दुखायला लागल्या लागल्या रक्त घेतलं तर ट्रोपोनिन अजून चढलेलंच नसतं, काही तासांनी पुन्हा घ्यावं लागतं. एका ‘नॉर्मल’वर ओवा खाऊन झोपून जाऊ नका. दम लागणं, जबडा किंवा पाठ दुखणं, मळमळ, दरदरून घाम, यातलं काहीही असलं तरी आधी ईसीजी.

एचडीएल 45 पुरुषाला चालतं. बायकांसाठी 50 च्या खाली ते कमीच धरतात. आणि ते चांगलं असलं म्हणून वाढलेलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉल, माफ होत नाही. पाळी गेल्यावर एलडीएल चढतंच.

सीआरपीचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, हे मान्य करते. साध्या सर्दीतापानेही ते वाढतं, त्यामुळे आजारपणात ही तपासणी करून घाबरण्यात अर्थ नाही. पण तिला धंदा म्हणणं चूक. अमेरिकेत जवळपास 28 हजार निरोगी बायकांचं 30 वर्षं निरीक्षण झालं, 2024 मध्ये निष्कर्ष आले. सुरुवातीला एकदाच मोजलेल्या सीआरपी, एलडीएल आणि लायपोप्रोटीन-ए (रक्तातल्या चरबीचा आणखी एक प्रकार) या तिन्हींवरून हृदयविकाराचा पुढचा धोका ओळखता आला.

राहिल्या गोळ्या. लॅन्सेटमध्ये 2015 साली औषधाच्या 27 चाचण्यांमधल्या सुमारे 1 लाख 74 हजार लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. धोका सारखा असेल तर स्टॅटिनचा, म्हणजे कोलेस्ट्रॉलच्या याच गोळ्यांचा, फायदा बायकांनाही पुरुषांइतकाच होतो, असं त्यात निघालं. मावशी, अंग दुखतं म्हणून गोळी नको वाटत असेल तर ते डॉक्टरांना सांग, ते डोस कमी करतील, गोळी बदलून देतील. मेसेज वाचून बंद करू नकोस.