"तुमचं ते आयोडीन माझ्या गाठींना नाही का देता येत?"

मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये टेक्नॉलॉजिस्ट आहे, १६ वर्षं झाली. थायरॉइड कॅन्सरच्या पेशंटला आयोडीन-१३१, म्हणजे किरणोत्सारी आयोडीन, द्यायचं हे रोजचं काम. डोस शिशाच्या जाड डब्यात येतो, आतली कुपी बोटाएवढी पण डबा उचलताना मनगट भरून येतं. पेशंटने ते घेतलं की त्याला आयसोलेशन रूममध्ये ठेवायचं आणि रोज सकाळी मीटर घेऊन ठरलेल्या अंतरावर उभं राहून रीडिंग लिहायचं.

मावशीला फॉलिक्युलर लिम्फोमा होता, म्हणजे लसीका ग्रंथींचा एक कॅन्सर. किमोने गेला आणि तीन वर्षांनी मानेत परत गाठ हाताला लागली. तेव्हा एकदा मेथी निवडता निवडता तिने मला हा वरचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, मावशी, आयोडीन फक्त थायरॉइडच ओढून घेतं गं, तुझ्या गाठी नाही घेणार. उत्तर चूक नव्हतं, पण अर्धं होतं. उरलेलं अर्धं आज लिहितेय.

आयोडीन आपणहून गाठीत जात नाही, पण त्याला तिथे नेऊन सोडणारं कोणीतरी असलं तर जातं. लिम्फोमाच्या बहुतेक बी-पेशींवर (या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) सीडी-२० नावाचं प्रथिन असतं, रिटुक्सिमॅब ही अँटीबॉडी, म्हणजे नेमकं लक्ष्य ओळखून चिकटणारं प्रथिन, त्यालाच जाऊन चिकटते. अशाच अँटीबॉडीला किरणोत्सारी अणू जोडला की किरणं थेट गाठीत पोचतात, आणि ज्या शेजारच्या पेशीपर्यंत अँटीबॉडी पोचलीच नाही तिलाही मार बसतो. अमेरिकेत यावर दोन औषधं निघाली, २००२ मध्ये यट्रियम-९० वालं झेवालिन आणि २००३ मध्ये आयोडीन-१३१ वालं बेक्सार.

पण मला सगळ्यात भावलेलं काम सिएटलचं, फ्रेड हचिन्सन कॅन्सर सेंटरमधल्या डॉ. ऑलिव्हर प्रेस यांच्या टीमचं. परत आलेल्या लिम्फोमात स्टेम सेल (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) ट्रान्सप्लांटच्या आधी जबर किमो आणि सगळ्या अंगाला रेडिएशन द्यायची पद्धत होती, त्यात आतडी, फुप्फुसं सगळंच भाजून निघतं. त्यांनी अंगभर रेडिएशन काढून त्याजागी अँटीबॉडीवाटे आयोडीन दिलं, मग एटोपोसाइड आणि सायक्लोफॉस्फमाइड, आणि शेवटी पेशंटच्या आधीच काढून ठेवलेल्या स्टेम सेल परत. डोस ठरवायची रीत तर बघा, आधी अगदी थोडं आयोडीन द्यायचं, काही दिवस गॅमा कॅमेऱ्याखाली बघायचं की या माणसाच्या लिव्हरमध्ये किती थांबतंय, फुप्फुसात किती, बाहेर किती लवकर पडतंय, आणि त्यावरून फक्त त्याच माणसाचा डोस काढायचा. नाजूक अवयवांना २५ ग्रेपर्यंत (ग्रे म्हणजे अंगात मुरलेली किरणं मोजायचं एकक) चालतं असं त्यातून ठरलं. २००० साली ५२ पेशंटचे आकडे छापून आले, दोन वर्षांनी ८३ टक्के जिवंत आणि ६८ टक्क्यांचा आजार वाढलेला नाही असा अंदाज. परत आलेल्या लिम्फोमात हे आकडे वाचून मी खुर्चीत सरळ बसले होते.

आता दुसरी बाजूही सांगायलाच हवी, कारण ५२ जणांवरून निकाल लागत नाही. चिठ्ठ्या टाकून दोन गट करायची मोठी चाचणी अमेरिकेत झाली, २२४ पेशंट, सगळ्यांना बीम नावाची किमो आणि ट्रान्सप्लांट, एका गटाला सोबत बेक्सार आणि दुसऱ्याला रिटुक्सिमॅब. २०१३ ला निकाल आला, दोन वर्षांनी दोन्हीकडे जवळपास ४८ टक्के लोक आजार न वाढता होते. म्हणजे फरक नाही, उलट बेक्सारवाल्यांना तोंड येण्याचा त्रास जास्त. लोक म्हणाले संपला विषय. पण या चाचणीतला डोस कमी होता, सिएटलचा जबर डोस नव्हता, आणि एका डोसाचा निकाल दुसऱ्याला लावणं मला तरी पटत नाही.

फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनीने बेक्सार बंदच केलं, वापर घटला म्हणून. वापर का घटला याचं एक कारण माझ्या कामाच्या जागेवरून स्पष्ट दिसतं. किमो देणारा डॉक्टर वेगळा, किरणोत्सारी औषध द्यायचं लायसन्स असलेला विभाग वेगळा. पेशंट दुसऱ्या विभागात पाठवण्यापेक्षा हाताशी असलेलं रिटुक्सिमॅब लावणं सोपं. मी ज्या हॉस्पिटलमध्ये आधी होते तिथे आमचा विभाग तळमजल्यावर आणि कॅन्सरचा चौथ्या मजल्यावर, आणि त्या चार मजल्यांत पेशंटच्या फाइली आठवडाभर अडकलेल्या मी पाहिल्यात.

धोका नाही असंही नाही. नव्याने निदान झालेल्या फॉलिक्युलर लिम्फोमाच्या एका अमेरिकन चाचणीत दहा वर्षांनी किमोसोबत बेक्सार घेतलेल्यांपैकी ५६ टक्क्यांचा आजार वाढला नव्हता, रिटुक्सिमॅबवाल्यांत ४२. पण नंतर होणाऱ्या ब्लड कॅन्सरमुळे पहिल्या गटात जास्त माणसं गेली, एकूण आयुष्यात फायदा दिसलाच नाही. पेशंटला हे दोन्ही आकडे एकाच बैठकीत सांगायला हवेत.

तरीही माझं मत ठाम आहे, हे आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर नीट तपासलं जावं. आयोडीन-१३१ ट्रॉम्बेत बनतं. रिटुक्सिमॅबची देशी आवृत्ती २००७ पासून आहे. ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलच्या हॉस्पिटलने तर बाजारातलं रिटुक्सिमॅब घेऊन स्वतःच आयोडीन जोडलं आणि आजार परत आलेल्या ९१ पेशंटना दिलं, ७६ टक्क्यांत गाठी आटल्या, ५३ टक्क्यांत पूर्ण गेल्या. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कार-टी उपचाराला (पेशंटच्याच पांढऱ्या पेशी बदलून कॅन्सरवर सोडायच्या) ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली, त्याचा मला मनापासून अभिमान आहे, पण तो खर्चही लाखांत जातो आणि सत्तरीतल्या प्रत्येक शरीराला झेपतोच असं नाही. अशा माणसांसाठी अजून एक वाट असायला नको का?

मावशी २०१६ ला गेली. तिला सगळं सांगितलं असतं तरी तेव्हा हातात औषध नव्हतं, पण "तो प्रश्न बरोबर होता गं मावशी, तिकडे मोठमोठ्या डॉक्टरांनी हेच करून बघितलंय" एवढं तरी म्हणता आलं असतं. तिला बरं वाटलं असतं.

घरात कोणाचा लिम्फोमा परत आला असेल तर डॉक्टरांना विचारा की कुठे चाचणी चालू आहे का. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियाची साइट सगळ्यांना फुकट उघडते, त्यात आजाराचं नाव टाकून शोधता येतं. नाही जमलं तर मला इनबॉक्स करा, रात्री नऊनंतर मी बघते.