मागच्या काचेवरची फिल्म तुकड्यांनी का निघाली, डिफॉगर का बंद पडला : एक-स्टार अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय नीट वाचला. आमच्या फिल्म काढायच्या किटमधला स्प्रे गाडीच्या मागच्या काचेवरच्या जुन्या रंगीत (टिंट) फिल्मवर मारून तुम्ही दहा मिनिटं थांबलात, तरी ती नखाएवढ्या तुकड्यांनी निघाली. काचेवर चिकट थर राहिला. तो ब्लेडने खरवडला तेव्हा मागच्या काचेच्या डिफॉगरच्या (तापून काचेवरचं धुकं घालवणाऱ्या) तीन रेषा बंद पडल्या, म्हणून "स्प्रे म्हणजे नुसतं पाणी" असं तुम्ही लिहिलंय. घरी मेहनत करून गाडीचं काही बिघडलं की जीव हळहळतो. त्यामुळे काय झालं असावं आणि आता काय करता येईल, ते सविस्तर सांगतो.

हा स्प्रे फिल्मवर मारायचा नाही. फिल्म निघाल्यावर मागे उरलेल्या गोंदावर मारायचा. फिल्म पॉलिएस्टरची असते आणि तिच्यातून द्रव पलीकडे झिरपत नाही. वरून बाटलीभर ओतला तरी कडांमधून थोडासा शिरेल तेवढाच. फिल्म सुटते ती उष्णतेने.

तुमची फिल्म जांभळी पडली होती आणि तिला फुगे आले होते, असंही तुम्ही म्हणता. म्हणजे तिचा रंग उन्हाने मोडला होता आणि गोंदाची पकड जागोजागी सुटली होती. अशी फिल्म काढायला सगळ्यात किचकट. बऱ्याच फिल्म एकावर एक चिकटवलेल्या पातळ थरांच्या असतात. गार असताना किंवा झटक्याने ओढलं की वरचा रंगीत थर हातात येतो आणि खालचा पारदर्शक थर गोंदासकट काचेवर बसून राहतो. तुम्ही खरवडलात तो बहुधा हाच थर. अजून काही उरलं असेल तर कोपरा नखाने उचलून पाहा. पापुद्रा उठला तर ती फिल्म आहे, तिला वाफच हवी. नुसता चिकट मळ गोळा झाला तर तो गोंद.

वाफेसाठी कपड्यांचा हातातला स्टीमर उत्तम. हीट गन मागच्या काचेवर आम्ही सुचवत नाही. एकाच जागी जास्त तापली तर काच तडकू शकते. आधी मागचे स्पीकर आणि खालचा भाग जाड टॉवेलने झाका. स्टीमर 3-4 सेंटीमीटर अंतरावर ठेवून एका बाजूच्या कोपऱ्याला अर्धा-एक मिनिट वाफ द्या, कोपरा उचला आणि फिल्म स्वतःवरच दुमडून, काचेला जवळजवळ चिकटवून हळूहळू ओढा. वाफ ओढीच्या थोडी पुढे चालत राहू द्या. हाताला अडखळ जाणवली की ओढणं थांबवा, वाफ थांबवू नका. ओढायची दिशा डिफॉगरच्या रेषांना समांतर, म्हणजे बहुतेक गाड्यांत आडवी. उभं ओढलं तर प्रत्येक रेषेची कड उचलली जाते.

स्टीमर नसेल तर काळी प्लास्टिकची पिशवी साबणाच्या पाण्याने आतून फिल्मवर चिकटवा आणि गाडीची पाठ तासदोन तास कडक उन्हाकडे ठेवा. या पद्धतीत अमोनिया वापरायचा सल्लाही सर्रास दिला जातो. आमचा त्याला विरोध आहे. बंद गाडीत त्याची वाफ डोळ्यांना आणि श्वासाला घातक असते, आणि ब्लीचशी संबंध आला तर विषारी वायू तयार होतो.

फिल्म निघाल्यावर उरलेल्या गोंदावर टिश्यू पेपर अंथरा, तो स्प्रेने चिंब भिजवा आणि वीस मिनिटं ओला ठेवा. मग मऊ कापडाने रेषांच्या दिशेने पुसा. काठावरच्या काळ्या ठिपक्यांत गोंद अडकतो, तिथे मऊ नायलॉनचा ब्रश चालतो.

किटमधलं स्टीलचं ब्लेड फक्त बाजूच्या काचांसाठी आहे, तेही काच ओली ठेवून, तिरपं धरून, एकाच दिशेने. मागच्या काचेसाठी पिवळं प्लास्टिकचं पातं वेगळं दिलेलं असतं. डिफॉगरच्या रेषा काचेच्या आतल्या पृष्ठभागावरच छापलेल्या असतात. स्टीलची धार त्यांना सहज खरवडते.

आता दुरुस्ती. बाकीच्या रेषा तापतात, म्हणजे फ्यूज आणि मुख्य जोडणी शाबूत आहे. इंजिन आणि डिफॉगर चालू करा, मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी पिन अर्थच्या (निगेटिव्ह) बाजूच्या, रेषांची टोकं जोडणाऱ्या उभ्या पट्टीला धरा आणि लाल पिनेच्या टोकाला अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळून ती समोरच्या पट्टीकडून बंद रेषेवरून सरकवा. चांगल्या रेषेवर आकडा बारा-तेरापासून हळूहळू उतरतो, मध्यावर साधारण सहा दाखवतो. तुटलेल्या रेषेवर तो बराच वेळ बाराच्या आसपास राहतो आणि एका जागी एकदम शून्याजवळ येतो. तीच तुटलेली जागा.

डिफॉगर बंद करा. तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, रेषेच्या वर आणि खाली मास्किंग टेप लावा. चांदी असलेल्या वीजवाहक रंगाचे दोन-तीन पातळ हात द्या. दोन्ही टोकांना चांगल्या रेषेवर पाच मिलिमीटर तरी चढू द्या. टेप रंग ओला असतानाच काढा आणि चोवीस तास डिफॉगर लावू नका.

तुटलेल्या जागा काही मिलिमीटरच्या असतील तर हा उपाय टिकतो. लांब पट्टाच खरवडला गेला असेल तर त्यात वेळ घालवू नका. तिन्ही रेषांचे जवळून काढलेले फोटो ऑर्डरच्या मेसेजमध्ये पाठवा. दुरुस्त होण्यासारख्या असतील तर रंगाची बाटली आम्ही विनामूल्य पाठवू, नसतील तर तसं स्पष्ट सांगू.