‘गोळ्यांपेक्षा तिकीट बरं’? जरा थांबा

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. वर्षातून एकदा मोठी सुट्टी काढा, लांब जा, मन वर्षभर ताजंतवानं राहतं. डिप्रेशन, बर्नआउट (कामाच्या ताणाने पार गळून जाणं) जवळ फिरकत नाहीत. गोळ्यांपेक्षा तिकीट बरं. सुट्टीच्या बाजूचा मीही आहे. पण इथे खऱ्याला खोटं फार चिकटलंय.

‘वर्षभर पुरतं.’ नाही पुरत. नेदरलँड्समध्ये सुमारे दीड हजार लोकांवर झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. सुट्टीवर जाणारे लोक निघण्याआधीच इतरांपेक्षा खुशीत होते. परतल्यावर मात्र त्यांच्यात आणि घरीच राहिलेल्यांत बहुतांशी फरक उरला नाही. ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली, त्यांचाच आनंद काही आठवडे टिकला. म्हणून ‘बघा, सुट्टी फुकटच’ असं म्हणणाऱ्यांनीही खूश होऊ नये. २०२५ मध्ये ३२ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला, त्यात हा परिणाम आधी वाटत होता त्यापेक्षा मोठा आणि सावकाश ओसरणारा दिसला.

‘जितकी मोठी, जितकी लांब, तितकी चांगली.’ खरी गोम इथे आहे. सरासरी २३ दिवसांच्या सुट्ट्या तपासणाऱ्या एका अभ्यासात लोकांना सर्वांत बरं वाटलं ते आठव्या दिवसाच्या आसपास, आणि कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात गाडी मूळपदावर आली. मग वर्षाची सगळी रजा एकाच प्रवासात कशाला उडवायची? थोडी थोडी वाटून घेतलेली बरी, असं माझं मत. अंतराचं म्हणाल तर मानसशास्त्रज्ञ किलोमीटर मोजत नाहीत; माणूस कामातून मनाने सुटला का, हे बघतात. हॉटेलच्या बाल्कनीत बसून ‘एकच मेल बघतो’ म्हणत फोन उघडायचा आणि पुढचा तासभर त्या मेलला काय उत्तर द्यायचं ते मनात जुळवत राहायचं, बायको काय बोलतेय त्याला नुसतं ‘हं’ म्हणत. हा माणूस रजेवर आहे तो फक्त हजेरीपटावर. घरातच राहून ऑफिसचा ग्रुप म्यूट करणारा त्याच्यापेक्षा जास्त सुट्टीवर असतो.

‘डिप्रेशन पळून जातं.’ हे मात्र सरळ घातक आहे. कशातच गोडी न वाटणं हे तर या आजाराचं मुख्य लक्षण. समोर कितीही सुंदर देखावा असला तरी आत काही हलत नाही, वर ‘सगळे मजेत आहेत, मीच असा का’ ही अपराधी भावना. त्याला समुपदेशन लागतं, काहींना औषधं लागतात, आणि चालू असलेल्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता तोडल्या तर त्रास वाढतो.

बर्नआउटचं वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या सततच्या ताणातून उद्भवणारी स्थिती म्हणून केली. म्हणजे कारण ऑफिसात आहे, आणि परतायचंही तिथेच. दोघांचं काम एकट्यावर पडलं असेल, तर रजेच्या अर्जासोबत दुसऱ्या माणसाची मागणीही साहेबांकडे गेली पाहिजे.