नॅनोमीटर आणि कोअर मोजून एफपीजीए निवडू नका

"नॅनोमीटर कमी तितकी एफपीजीए वेगवान, आणि कंपाइलला वेळ लागत असेल तर जास्त कोअरचा संगणक घ्या." एफपीजीए, म्हणजे आतलं सर्किट आपल्याला हवं तसं जोडून घेता येणारी चिप, घेणाऱ्यांमध्ये हा सल्ला सध्या खूप फिरतोय. सोबत दोन चिपांच्या तुलनेचा तक्ताही असतो. नवशिके त्यावर विसंबून बोर्ड घेतात आणि मग महिनोन्‌महिने टायमिंगशी, म्हणजे प्रत्येक सिग्नल क्लॉकच्या ठोक्याआधी पोहोचवण्याशी, झगडत बसतात, म्हणून लिहितोय.

बारीक प्रक्रियेत, म्हणजे कमी नॅनोमीटरच्या चिपमध्ये, ट्रान्झिस्टर वेगवान होतो, हे मान्य. पण क्लॉक कुठवर चढेल ते दोन फ्लिप-फ्लॉपमधल्या (क्लॉकच्या ठोक्याला एक बिट साठवणाऱ्या भागांमधल्या) सर्वांत सावकाश वाटेवर ठरतं. टायमिंग रिपोर्टमध्ये त्या वाटेचा लॉजिक डिले (गणितात जाणारा वेळ) आणि नेट डिले (तारांत जाणारा वेळ) वेगवेगळा दिलेला असतो, तो उघडून बघाच. बऱ्याचदा निम्म्याहून जास्त वेळ तारा आणि स्विच खातात. एकाच क्लॉकमध्ये ३२ बिटांचा गुणाकार आणि त्याला लागून बेरीज कोंबली असेल, तर मध्ये रजिस्टरचा (फ्लिप-फ्लॉपच्या गटाचा) एक टप्पा घातल्यावर २८ नॅनोमीटरच्या जुन्या चिपवरही क्लॉक सहज वर चढतो.

तक्त्यातला वेग एलईडी लुकलुकवणाऱ्या काउंटरवर मोजलाय. काउंटर बसतो कॅरी चेनवर, म्हणजे बेरजेसाठी राखलेल्या खास जलद वाटेवर. तुमच्या डिझाइनमधल्या गुंतागुंतीच्या लॉजिकला ती वाट मिळत नाही. शिवाय स्पीड ग्रेड, म्हणजे त्याच चिपचा वेगानुसार दिलेला दर्जा, लिहिलेलीच नाही. झायलिंक्स या कंपनीच्या ७-सिरीजमध्ये -३ ही -१ पेक्षा वेगवान, तर अल्टेराच्या सायक्लोनमध्ये उलट: ६ ही ८ पेक्षा वेगवान. आणखी एक गफलत: १०० मेगाहर्ट्‌झ मागितले आणि २ नॅनोसेकंद स्लॅक (शिल्लक वेळ) उरला, की लगेच "कमाल वेग १२५" असं लिहून टाकतात. मागितलेलं टायमिंग जमलं की कंपाइल करणारं टूल पुढे फारशी धडपड करत नाही. त्यामुळे खरी कमाल त्याहून वरही असू शकते.

आकाराचे आकडेही जसेच्या तसे शेजारी ठेवता येत नाहीत. आर्टिक्स-७ ३५टी या चिपवर ३३,२८० लॉजिक सेल छापलेत, प्रत्यक्षात आत सहा इनपुटांचे २०,८०० एलयूटी (इनपुटनुसार उत्तर देणारे छोटे तक्ते, ज्यांतून लॉजिक बनतं) आहेत. आइस४० एचएक्स८के या चिपमध्ये ७,६८० आहेत, पण चार इनपुटांचे. एकात ६४ बिटांचा तक्ता मावतो, दुसऱ्यात १६ बिटांचा.

आता संगणकाचे कोअर. कंपाइलमधल्या प्लेसमेंटमध्ये, म्हणजे डिझाइनचा कुठला तुकडा (सेल) चिपवर कुठे बसेल ते ठरवताना, एक सेल हलवला की त्याला जोडलेल्या सगळ्या तारांचं गणित बदलतं, त्यामुळे काम वाटून देणं अवघड. झायलिंक्सचं टूल विवाडो विंडोजवर मुळात २ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) वापरतं, लिनक्सवर ८. सेटिंग बदलून आकडा वाढवता येतो, पण वेळ त्या प्रमाणात उतरत नाही. एका कोअरचा वेग आणि पुरेशी मेमरी जास्त कामाला येते. त्याहून मोठा फरक पडतो तो चिप किती भरलीय याने. ९० टक्के भरलेल्या चिपमध्ये दोन सिग्नल एकाच तारेवर हक्क सांगतात, तारांची वाट ठरवणारा राउटर एकाला उठवून लांबून फिरवतो, तिथे तिसरा आडवा येतो, आणि हे फेरे चालूच राहतात. तेच डिझाइन थोड्या मोठ्या चिपवर लवकर उरकतं. फार मोठी चिप घेतली तर मात्र तिचा डेटाबेस मेमरीत चढवण्यातच वेळ जातो.

जास्त कोअर खरे उपयोगी पडतात ते एकच डिझाइन वेगवेगळ्या सीडनी (प्लेसमेंटची सुरुवात ठरवणाऱ्या आकड्यांनी) किंवा स्ट्रॅटेजींनी (टूलच्या वेगवेगळ्या सेटिंगांनी) एकाच वेळी चालवायला. तुलनाही तशीच करा, आणि त्यासाठी बोर्ड विकत घ्यावा लागत नाही. बहुतेक छोट्या चिपांची टूल्स फुकट मिळतात. स्वतःचं डिझाइन दोन्हीकडे टाका, टायमिंग फसेपर्यंत क्लॉक चढवत न्या, प्रत्येक वेगाला चार-पाच फेऱ्या घ्या, आणि सर्वांत चांगल्या आकड्याशेजारी सर्वांत वाईटही लिहून ठेवा.