ठंडा हा शब्द अशुद्ध कसा?

आमच्या वरूड तालुक्यात मे महिन्याच्या भर दुपारी जवाई दारात आला, की सासरा ओसरीवरूनच पोराला हाक मारतो, "जवायाले ठंडा सांग रे!" या ठंड्याचा अर्थ माठातले पाणी नव्हे, मठ्ठा नव्हे आणि पन्हेही नव्हे. दुकानातून आणलेली, बूच काढताच फसफसणारी बाटली, मग ती काळी असो, पांढरी असो की केशरी, असाच त्याचा अर्थ होतो आणि तो गावातल्या लहान पोरालाही समजावून सांगावा लागत नाही.

आठवीत असताना मी निबंधात हाच शब्द लिहिला होता. मास्तरांनी त्याखाली लाल रेघ ओढून समासात लिहिले, "हिंदी शब्द. शीतपेय असे लिहावे." तेव्हा मी निमूटपणे खोडून दुरुस्ती केली. आज मात्र ती दुरुस्ती मला मान्य नाही, आणि ती का मान्य नाही हे नीट मांडावे असे बरेच दिवस मनात होते.

शीतपेय हा शब्द चांगला आहे, पण तो फार पसरट आहे. कोकम सरबतही शीतपेय, लस्सीही शीतपेय आणि रसवंतीवरचा बर्फ घातलेला उसाचा रसही शीतपेयच. आमच्या ठंड्याने या सगळ्यांतून एक नेमकी वस्तू वेगळी काढली आहे, म्हणजे अर्थाच्या दृष्टीने तोच शब्द अधिक काटेकोर ठरतो. हिंदीचे म्हणाल, तर थंड आणि ठंड ही एकाच घरातली भावंडे आहेत. शिवाय नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रांताची, पुढे मध्य प्रदेशाची राजधानी होते. आमच्या तालुक्याची सीमा आजही मध्य प्रदेशाला लागून आहे आणि पलीकडच्या पांढुर्ण्याशी आमचे बाजारहाट व सोयरसंबंध पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. अशा मुलखात ठंडा कुणी बाहेरून आणून ठेवलेला नाही, तो इथेच वाढला आहे.

एकाच फसफसत्या पाण्याला निरनिराळ्या मुलखांनी दिलेली नावे जवळ ठेवून पाहिली, तर प्रत्येकाने त्यात काय पाहिले ते कळते. अमेरिकेत ईशान्येकडे आणि कॅलिफोर्नियात त्याला सोडा म्हणतात, मध्य-पश्चिमेकडे पॉप म्हणतात, आणि दक्षिणेत कुठल्याही पेयाला सर्रास कोक म्हणतात, कारण कोका-कोला १८८६ मध्ये तिथल्याच अटलांटा शहरात जन्मले. पॉप हे तर बूच उडतानाच्या आवाजाचे नाव आहे; इंग्रज कवी रॉबर्ट साउदीने १८१२ सालच्या एका पत्रात तसे लिहूनही ठेवले आहे. दिल्लीकडे बाटलीतल्या गोटीवरून बंटा हे नाव पडले. तमिळ मुलखातल्या जुन्या लोकांनी रंग पाहिला आणि कलर म्हटले. पुण्या-मुंबईकडे कोल्ड्रिंक म्हणतात, दक्षिणेकडे कूलड्रिंक. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात कापूस-संत्र्याच्या वावरातून घरी आलेल्या माणसाला आवाजाचे किंवा रंगाचे काय महत्त्व वाटणार? त्याने गारवा पाहिला आणि त्यालाच नाव केले.

सोडा या शब्दाची गोष्ट आमच्याकडे आणखी वेगळी आहे. किराणा दुकानात नुसते "सोडा द्या" म्हटले, तर दुकानदार भज्यांत घालायच्या खायच्या सोड्याची पुडी काढून देतो. पोट गच्च झाले की माझी आई अर्ध्या पेल्या पाण्यात लिंबू पिळून त्यात चिमूटभर हाच सोडा टाकायची, आणि फेस काठावर चढायच्या आत "पी लवकर" म्हणून पेला हातात द्यायची. लिंबातले आम्ल आणि सोडा एकत्र आले की कर्बवायू सुटतो. सोडावॉटरला ते नाव मिळाले तेही याच सोड्यामुळे. म्हणजे इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ आमच्या स्वयंपाकघरात शाबूत राहिला आहे. प्यायचा सोडा वेगळा सांगायचा असेल, तर आम्ही गोटी सोडा म्हणतो. ती बाटली हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ च्या सुमारास काढली. भरताना ती उलटी धरतात, आतला वायू काचेची गोटी गळ्यातल्या रबरी कड्यावर दाबून धरतो, आणि बाटली तोंडाला लावताना ती गोटी गळ्यातल्या खाचेत अडकवून ठेवावी लागते. ते जमले नाही, तर गोटी पुन्हा तोंडाशी येते आणि पिणे थांबते. आमच्या गावात हे कसब लहानपणी यात्रेतच शिकायचे असे.

मुंबईची भाची गेल्या उन्हाळ्यात गावी आली होती. तिने दुकानात जाऊन पेप्सी मागितली, तर दुकानदाराने बर्फाच्या पेटीतून प्लास्टिकच्या नळीत गोठवलेली लाल कांडी काढून तिच्या हातात ठेवली. ती रडवेली होऊन परत आली. मी तिला सांगितले की दुकानदाराचे काही चुकले नाही, आमच्या पोरांच्या तोंडी पेप्सी म्हणजे तीच कांडी. वरूड-मोर्शीला विदर्भाचे कॅलिफोर्निया म्हणतात, एवढी इथे संत्री पिकतात. तरीही आम्ही केशरी बाटलीला चुकूनसुद्धा संत्रा म्हटले नाही. झाडावरचा तो संत्रा आणि बाटलीतले ते ऑरेंज, हा भेद आमच्या लोकांनी आपणहून पाळला. बाटलीत फळ नाही हे त्यांना ठाऊक होते आणि त्यांच्या भाषेनेही ते लपवले नाही.

२००३ च्या सुमारास "ठंडा मतलब कोका-कोला" ही जाहिरात घरोघर पोचली, तेव्हा अनेकांना वाटले की हा शब्द कंपनीने आणला. घडले ते नेमके उलटे. शब्द आधीपासूनच लोकांच्या तोंडी होता, म्हणून तर कंपनीला त्यावर आपले नाव लावावेसे वाटले. जो शब्द एवढ्या मोठ्या व्यापाऱ्याला मोलाचा वाटला, तो शाळेच्या वहीत मात्र अशुद्ध ठरावा, याचे मला मनापासून वाईट वाटते. मुलांना शीतपेय जरूर शिकवावे, परीक्षेत तेच लिहायला सांगावे, पण घरचा शब्द चूक आहे असे सांगू नये.

माझी आजी तर ठंडाही म्हणत नसे. तिच्या तोंडी प्रत्येक गोड बाटली लेमनच असे, केशरी असली तरी लेमन आणि काळी असली तरी लेमन. आमच्या घरात आता तो शब्द कुणी वापरत नाही. म्हणून मी एक वही केली आहे. त्यात गावाचे नाव, सांगणाऱ्याचे वय आणि त्याने वापरलेला शब्द एवढेच लिहितो. वरूडची पाने भरत आली आहेत. येत्या बाजाराच्या दिवशी पांढुर्ण्याला जाणार आहे, आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसांना सर्वांत आधी लेमनबद्दल विचारणार आहे.