अंगठा द्या

उजव्या अंगठ्याच्या एमआरआयसाठी गेलेल्या बाईला संमतिपत्रावर उजव्याच हाताचा अंगठा उमटवण्यास सांगितले गेले, यात विनोद आहे असे आमच्या घरातील सर्वांचे मत आहे. माझे अजून तसे झालेले नाही.

सोसायटीच्या फाटकाशी स्कूटर घसरली, अंगठा तर्जनीपासून फाकला आणि त्याच्या बुडाच्या सांध्याचा आतला अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधणारा लिगामेंट, दुखावला. बर्फावर घसरणाऱ्या हौशी लोकांवरून या दुखापतीला इंग्रजीत ‘स्कीअर्स थम’ म्हणतात. मी ओल्या सिमेंटवर घसरले. एक्स-रेत हाडे शाबूत दिसली, परंतु अस्थिबंध एक्स-रेत दिसतच नाही. त्याने उपटून नेलेला हाडाचा टवका असला, तर तेवढा दिसतो. डॉक्टरांना काळजी वेगळीच होती. स्टेनर नावाच्या स्वीडिश शल्यविशारदाने १९६२ साली दाखवून दिले होते, की तुटलेले टोक कधी कधी शेजारच्या स्नायूच्या चिवट पडद्याबाहेर सरकते, आणि मधे पडदा आल्यामुळे कितीही दिवस प्लास्टर ठेवले तरी ते हाडाला चिकटत नाही. मग शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते. सरावलेल्या हाताने केलेल्या सोनोग्राफीतही हे कळू शकते; आमच्या डॉक्टरांना एमआरआय हवा होता.

तपासणी केंद्रातील मुलाने माझा बांधलेला हात पाहून ‘सही जमत नसेल तर अंगठा द्या’ असे म्हटले आणि शाईचा पॅड पुढे सरकवला. दोन पदव्या पदरी असताना अंगठेबहाद्दर होण्याचे दुःख गिळून मी डावा अंगठा उचलला, तोच शेजारच्या खुर्चीतून ‘थांबा!’ असा आवाज आला. कमरेच्या एमआरआयसाठी आलेले ते काका दस्तनोंदणीतून निवृत्त झालेले होते, हे त्यांनी कोणी न विचारता सांगितले.

‘बाई, डावा पुरुषांचा. स्त्रियांचा उजवा लागतो. उद्या हा कागद कोर्टात टिकायचा नाही.’

‘काका, उजव्याचाच तर लिगामेंट तुटला आहे.’

‘अंगठा आहे ना जागेवर?’

‘आहे.’

‘मग झाले! ठसा कातडीचा असतो, आतल्या लिगामेंटचा त्याच्याशी काय संबंध?’

या युक्तिवादात खोट काढता येईना, याचाच मला अधिक राग आला. मुलगा दोघांकडे आळीपाळीने पाहत होता. काका एव्हाना उठून उभे राहिले होते, आणि अंगठा नुसता टेकवायचा नसून या कडेपासून त्या कडेपर्यंत लोळवायचा असतो, हे स्वतःच्या अंगठ्यावर करून दाखवत होते. आदल्या दिवशी डॉक्टरांनी सांधा किती सैल झाला आहे हे पाहण्यासाठी अंगठा जरासा बाहेर ढकलला होता, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले होते; तोच प्रयोग आता शाई लावून होणार होता. शेवटी मी डाव्या हाताने सही केली. ती पाहून काका खेदाने म्हणाले, ‘ही तुमची सही आहे, असे कोण म्हणेल?’

दर मात्र गुडघ्याला जितका, तितकाच. ‘भाव सांध्याला असतो, आकाराला नसतो,’ असे काकाच म्हणाले. आत मला पालथे निजवून हात डोक्यापुढे लांब करायला लावला. साष्टांग नमस्काराची ती अर्धवट मुद्रा मोडली तर चित्रे पुसट येतील आणि पुन्हा काढावी लागतील, अशी तंबी होती. इतके पैसे मोजून त्या ठणठणाटात नमस्कार कोणाला घातला, कोण जाणे.

आज अहवाल आणायला मी नवऱ्याला पाठवले. तो हात हलवत परत आला: नोंदवहीत पेशंटची स्वतःचीच सही लागते, आणि ती संमतिपत्रावरच्या सहीशी जुळली पाहिजे. डाव्या हाताने तशीच सही पुन्हा काढण्याचा सराव मी सकाळपासून करत आहे. सतरा झाल्या, एकही जुळलेली नाही.