दात घासताना नळ बंद ठेवायचा म्हणे

२०२४ चा उन्हाळा. सकाळी नातेवाईकांच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला. उजनी धरण उणे पन्नास टक्क्यांच्या खाली, दात घासताना नळ बंद ठेवा, शॉवर टाळा वगैरे. पाठवणारा पुण्यातला भाचा. त्याच ग्रुपवर सोलापूरची माझी आत्या. तिने खाली हात जोडलेला इमोजी टाकला. तेव्हापासून डोकं फिरलंय.

आत्याच्या नळाला पाच-सहा दिवसांनी पाणी. वेळेचा भरवसा नाही. म्हणून ती नळ उघडा ठेवून खाली पत्र्याची बादली लावून झोपते. बादली वाजली की सत्तरी ओलांडलेली ही बाई उठून पिंपं भरते. प्रत्येक पिंपावर खडूने तारीख, जुनं पाणी आधी संपवायचं. हिला पाणी वाचवायला शिकवताय?

आता ते टक्के. उजनीत एकूण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. त्यातलं ६३ मृतसाठा, म्हणजे एरवीच्या वापरात न धरलेलं तळाचं पाणी. टक्केवारी असते ती वरच्या ५३-५४ टीएमसीची. म्हणजे शून्य टक्के झालं तरी खाली ६३ शिल्लक, आणि उणे पन्नास म्हणजे त्यातलंही सव्वीस-सत्तावीस संपलं. २०२३ च्या पावसाळ्यात धरण साठ टक्क्यांच्या आसपासच भरलं होतं, सरकारने ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात करमाळा-माढाही आले. हे दिवस येणार हे तेव्हाच दिसत होतं ना? आता काठचे शेतकरी चाऱ्या खोदून, पाईप वाढवून मोटारी आत आत नेतायत.

आणि सोलापूरला पाणी जातं कसं? एक थेट जलवाहिनी आहे, ती पुरत नाही. मग भीमेत सोडायचं. दोनशेहून जास्त किलोमीटर नदीपात्रातून ते सोलापूरला पाणी पुरवणाऱ्या औज बंधाऱ्यात पोचणार. वाटेत वाळू पिणार, ऊन पिणार, काठच्या मोटारी पिणार. एका आवर्तनाला, म्हणजे एका वेळच्या सोडण्याला, पाच-सहा टीएमसी. एक टीएमसी म्हणजे २,८३२ कोटी लिटर, बरं का. दुसऱ्या, समांतर जलवाहिनीचं आम्ही किती वर्षं ऐकतोय. आणि हिशेब कुणाचा, तर आत्याच्या चुळांचा!

हो, त्याच पाण्यावर पंढरपूर, मंगळवेढाही जगतं, मान्य. आणि पाणी पितो म्हणून उसाच्या नावाने बोटं मोडणं सोपं आहे, दुसऱ्या कुठल्या पिकाला भावाची खात्री आहे, हेही मान्य. शेतकऱ्यावर राग नाहीच. पण दुष्काळी जिल्ह्यात एकामागून एक साखर कारखान्यांना परवानग्या देणाऱ्यांना कुणी नळ बंद करायला सांगितलं का कधी?

आम्ही पुणेकरांनी तर बोलूच नये. वर खडकवासला, पानशेत आमच्यासाठी, आणि आम्ही मुळा-मुठेत जे काही सोडतो ते वाहत जाणार उजनीत. एक दिवसाआड पाणी म्हटलं की आमच्या सोसायटीत टँकरच्या पावत्या फाटायला लागतात.

भाचा वाईट नाही हो. चांगल्या मनानेच पाठवलं असणार त्याने. दुपारी आत्याला फोन केला, महिनाभर इकडे ये म्हटलं. "मी आल्यावर पाणी कोण भरायचं रे?" म्हणाली. वर मलाच विचारते, तुमच्याकडे कपात सुरू झाली का, जपून वापरा. काय बोलणार!

फक्त एक करा. पुढचं आवर्तन सुटेल तेव्हा किती टीएमसी सोडलं त्याच्या शेजारीच औजला किती पोचलं तेही छापा. मग कपात कुणाची करायची ते बोलू.